क्लचची थरथर (जुन्या मोटारगाड्यांतील)

क्लचची थरथर : उभी गाडी उचलताना क्लचचे (इंजिनाची ओढ गिअरबॉक्सला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या भागाचे) पेडल अर्ध्यावर आले की सबंध गाडीला बसणारे लागोपाठचे हादरे. क्लच पूर्ण जुळताच ते थांबतात. गॅरेजमध्ये ‘क्लच गचके मारतो’ असे म्हणतात. इंग्रजी पुस्तिकांतील ‘जडर’ आणि ‘चॅटर’ हे शब्द बहुधा एकाच अर्थाने येतात. इंजिन फिरते पण गाडी ओढत नाही, तो क्लच घसरण्याचा दोष वेगळा. मात्र क्लच प्लेटवर (क्लचमधील घर्षणाच्या चकतीवर) तेल आले असेल तर दोन्ही दोष एकाच गाडीत आढळतात.

हादऱ्यांची गती साधारणपणे सेकंदाला ५ ते २० असते. त्यांच्या मुळाविषयी दोन मते आहेत. पहिले घर्षणाचे. प्लेट आणि फ्लायव्हील (इंजिनाच्या मागच्या टोकाचे जड चाक) यांच्या वेगांतला फरक कमी होत जाताना लायनिंगची (प्लेटवरील घर्षणाच्या अस्तराची) पकड वाढत गेली, तर प्लेट क्षणभर चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते. तेलाचा अंश किंवा लायनिंगवर आलेली काचेसारखी चकाकी यांनी असे होते. दुसरे मत भूमितीचे. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग डुलत असेल, प्रेशर प्लेटची (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या तबकडीची) बोटे म्हणजे तरफा वरखाली असतील किंवा क्लच प्लेट वाकली असेल, तर दाब एकसारखा न राहता फेऱ्याबरोबर कमीजास्त होतो. अलीकडे दोन्ही कारणे ग्राह्य धरतात. जुन्या गाड्यांपुरते पाहिले तर त्यांच्या जोडीला तिसरी गोष्ट धरावी लागते, आणि प्रत्यक्षात तीच अधिक वेळा सापडते : इंजिनाचे हलणे. क्लचचे पेडल चासीवर असते, क्लचचा काटा (क्लच सोडवणारी तरफ) इंजिनाबरोबर हलणाऱ्या घरात असतो आणि मध्ये दांड्यांची जोडणी असते. फाउंडेशनचे (इंजिन ज्यावर टेकते त्या आधाराचे) रबर बसले की क्लच धरताना इंजिन सरकते, सरकताना दांडी ओढली जाते आणि क्लच आपोआप किंचित सुटतो. इंजिन मागे येते, क्लच पुन्हा धरतो. ॲक्सिलरेटरही दांडीचाच असेल तर तोही या झोक्यात सामील होतो. विलिस जीपमध्ये इंजिन मागेपुढे सरकू नये म्हणून त्याला चासीच्या आडव्या पट्टीशी बांधणारी पोलादी तार असते. ती तुटलेली किंवा ढिली असेल तर नवी प्लेट टाकूनही थरथर जात नाही.

ॲम्बॅसडरच्या १,४८९ घ. सेंमी. इंजिनाची गोष्ट निराळी. क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी ऑइल सील नाही; तेल परत फिरवणारे उलटे आटे आहेत. बेअरिंग झिजले की तेल क्लचच्या घरात उतरते. त्याहून जुन्या, चामडी अस्तराच्या शंकू-क्लचमध्ये चामडे वाळले की क्लच झटका देई. तेव्हा त्याला एरंडेलासारखे तेल पाजत, आणि क्लच घसरू लागला तर मुलतानी माती टाकत.

सोलापूरच्या हवेत उन्हाळ्याचा पारा ४० अंशांपुढे जातो व फाउंडेशनचे रबर कडक होऊन तडकते. पावसाचा जोर बहुधा सप्टेंबरात असतो. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या फ्लायव्हीलवर त्या दमटपणात गंजाची पातळ साय धरते. तिची थरथर दहा-वीस वेळा गाडी उचलल्यावर बहुतेक जाते. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीतून हाफ क्लचवर गाडी चालवली तर फ्लायव्हील तापून त्यावर निळसर कठीण डाग पडतात; ते आपोआप जात नाहीत. दोष पारखायला तुळजापूरचा घाट सोयीचा : चढावर थांबून गाडी पुन्हा उचलली की लपलेली थरथरही जाणवते.

दुरुस्तीत गिअरबॉक्स उतरवण्याची घाई करू नये. हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून एकाने पहिल्या गिअरमध्ये, नंतर रिव्हर्समध्ये क्लच हळूच सोडावा आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून इंजिन किती उचलते ते पाहावे. फाउंडेशन, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, स्प्रिंगपाट्यांचे यू-बोल्ट येथेच तपासून होतात. गिअरबॉक्स उतरवलाच तर प्लेटबरोबर फ्लायव्हीलही पाहावे. त्याचे डुलणे डायल गेजने मोजतात. मर्यादा साधारण ०.१ मिमी.च्या आसपास असते. लेथवर पातळ फेस मारून घेतल्यास डाग निघतात. नुसत्या पॉलिश पेपरने ते निघत नाहीत. पायलट बुश (गिअरबॉक्सच्या शाफ्टचे पुढचे टोक धरणारा छोटा बुश) बदलावा, बोटांची उंची एकसारखी करावी, तेलाची गळती थांबवल्याशिवाय नवी प्लेट बसवू नये. लायनिंगच्या दोन थरांमध्ये लहरदार स्प्रिंगपत्रे असलेली प्लेट मिळत असेल तर जुन्या सपाट प्लेटपेक्षा ती घ्यावी.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपातील वाहने ‘व्हिंटेज’ ठरतात. या वयाच्या गाडीतील जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टस असण्याचा संभव मोठा आहे. ते फुप्फुसाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरते. म्हणून क्लचच्या घरातील काळी धूळ कधीही हवेच्या पाइपने उडवू नये; ओल्या फडक्याने पुसून, फडके पिशवीत बांधून टाकावे. जवळ उभ्या असलेल्या पोराटोरांना आधी बाहेर पाठवावे.