लग्न झालं म्हणून नाव बदलायची सक्ती नाही

‘नाव बदललं नाही तर लग्न कायदेशीर धरत नाहीत,’ असं बीड-परभणीकडं मुलींना अजून सांगतात. हे खोटं आहे. विवाहितेनं नाव किंवा आडनाव बदलावं असा कोणताच कायदा नाही. तांदळात लिहिलेलं नाव हा विधी. कागदावर त्यानं काही बदलत नाही. नोंदणीचा दाखला लग्न सिद्ध करतो, एवढंच.

घोळ होतो तो अर्धवट बदलानं. दहावीच्या सनदेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, सातबाऱ्यावर तिसरंच. मग नोकरीतली पडताळणी, पीकविम्याचा अर्ज अडतो. आधारवरचं नाव साधारणपणे दोनदाच बदलता येतं. म्हणून सासरच्यांनी घाईनं केंद्रावर नेऊन ते बदलून आणणं हा अन्यायच. तिचीच इच्छा असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून सगळीकडं एकसारखं करावं. वडिलोपार्जित जमिनीतला हिंदू मुलीचा, हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं आलेला समान हक्क आडनावावर अवलंबून नाही.