पत्रा दबतो म्हणजे गाडी कमजोर?

‘बोनेटवर अंगठा दाबला की पत्रा आत जातो, म्हणजे नवी गाडी कमजोर,’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पत्रा दबतो हे खरंच. पण जेमतेम पाऊण मिलिमीटरच्या त्या बाहेरच्या पत्र्यावर जिवाची भिस्त नसतेच.

मायलेज आणि प्रदूषणाच्या नियमांमुळे वजन घटवायची वेळ आली, तेव्हा आतल्या सांगाड्यात जास्त ताकदीचं पोलाद आलं. अनेक गाड्यांत दोन दारांमधल्या खांबाचं पोलाद सुमारे १५०० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) इतका ताण सोसतं. साधं पोलाद ३००-४०० पर्यंतच. पुढचा भाग मात्र मुद्दाम चेपणारा ठेवतात, धडकेचा जोर तिथेच जिरावा म्हणून.

खात्री करायचीय? नाशिकमध्ये अंबड-सातपूरकडच्या एखाद्या अनुभवी डेंटरला विचारा, अशा खांबात साधं ड्रिल बिट किती टिकतं. आणि गाडी घेताना क्रॅश टेस्टचे स्टार बघाच. सगळ्या नव्या गाड्या सारख्या सुरक्षित नसतात.