हात मोडला, पण नेमका कुठे?

मराठीत खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत सगळा हातच. जिन्यावरून घसरून मनगट मोडलं तरी ‘हात मोडला’ आणि दंडाचं हाड गेलं तरी ‘हात मोडला’. घरच्या बोलण्यात तेवढं पुरतं. केस पेपरवर मात्र ‘हाताला मार’ एवढंच लिहिलं, तर त्या कागदावरून पुढे कोणालाच काही करता येत नाही. विम्याचा दावा अडकतो, आणि वर्षाकाठी किती मनगटं मोडली याचा हिशेबही लागत नाही. या नोंदींसाठी आज जगभर आयसीडी, म्हणजे आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाचे कोड वापरतात. पण ही यादी सुरू झाली ती मेलेल्यांची मोजदाद करायला. मोडलेल्या हाताने माणूस सहसा मरत नाही, म्हणून हाताला तिच्यात जागा मिळायला बराच काळ गेला.

दुखापतींची वर्गवारी त्याआधी नव्हती असं नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात सांधा निखळण्याचे ६ आणि हाड मोडण्याचे १२ प्रकार सांगितले आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० मधल्या, एडविन स्मिथच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इजिप्शियन पपायरसात, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या ग्रंथात, ४८ रुग्णांची वर्णनं डोक्यापासून खाली अशा क्रमाने येतात. त्यात दंडाचं नुसतं मोडलेलं हाड वेगळं आणि वर जखम असलेलं मोडलेलं हाड वेगळं धरलं आहे. बंद आणि उघडं फ्रॅक्चर हा भेद आजच्या कोडमध्येही तसाच आहे, कारण उघड्या जखमेतून हाडापर्यंत जंतू पोचण्याची भीती आजही आहे.

१८३७ साली इंग्लंडमध्ये जन्म-मृत्यूची नागरी नोंदणी सुरू झाली. तिथले आकडे हाताळणाऱ्या विल्यम फार यांना एकाच आजाराची चार नावं आणि चार आजारांचं एकच नाव, असा गोंधळ दिसला. त्यांनी सुचवलेल्या रचनेत पाच गट होते आणि पाचवा होता थेट इजेने आलेल्या मृत्यूंचा. पुढे पॅरिसच्या जाक बर्तियाँ यांनी तयार केलेली मृत्यूच्या कारणांची यादी १८९३ मध्ये शिकागोच्या बैठकीत मान्य झाली. अपघाताच्या बाबतीत या यादीला जाणून घ्यायचं होतं ते माणूस कशाने गेला एवढंच. कोणतं हाड मोडलं याची तिला गरजच नव्हती.

आणि हाडांचं ज्ञान तोवर बरंच पुढे गेलं होतं. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी मनगटाजवळच्या फ्रॅक्चरचं वर्णन १८१४ मध्ये छापलं. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा, म्हणजे एक्स-रे नसताना, बाहेरून दिसणाऱ्या आणि हाताला लागणाऱ्या आकारावरून त्यांनी ते ओळखलं होतं. आजही ऑर्थोपेडिकच्या ओपीडीत ‘कॉलिस’ हा शब्द रोज कानावर पडतो.

या इतिहासात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या सर्जनचं काम. खांदा हा त्यांचा अभ्यासाचा विषय. प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड करावं, त्यावर निदान, उपचार आणि वर्षभरानंतरची अवस्था लिहावी, आणि गुण आला नसेल तर का आला नाही तेही लिहावं, असा त्यांचा आग्रह होता. मोठ्या रुग्णालयात कोणी ऐकेना, तेव्हा त्यांनी स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं. १९११ ते १९१६ या काळातल्या ३३७ रुग्णांमध्ये झालेल्या १२३ चुका त्यांनी स्वतः छापून जाहीर केल्या. त्याची किंमत त्यांनी मोजली, समव्यावसायिकांनी त्यांना दूर सारलं. पण त्याच विचारातून ‘अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स’ या सर्जनांच्या संघटनेने रुग्णालयांची पाहणी केली. १९१९ मध्ये १०० किंवा अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांपैकी फक्त ८९ किमान निकषांना उतरली. प्रत्येक रुग्णाची नीट नोंद हा त्यातला एक निकष होता. नापास झालेल्यांची नावं बाहेर फुटू नयेत म्हणून ती यादी जाळून टाकण्यात आली.

जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ मध्ये बर्तियाँ यांच्या यादीची, म्हणजेच आयसीडीची, सहावी आवृत्ती काढली आणि तिच्यात पहिल्यांदा जिवंत रुग्णांचे आजारही आले. एकाच अपघाताची दोन अंगांनी नोंद होऊ लागली: इजा काय झाली आणि ती कशाने झाली. नवव्या आवृत्तीपर्यंत आधी इजेचा प्रकार आणि मग जागा, असा क्रम होता. सगळी फ्रॅक्चरं एकत्र, दंडाच्या हाडाचा कोड ८१२, कोपर ते मनगट यांमधल्या हाडांचा ८१३. १९९० मध्ये मंजूर झालेल्या दहाव्या आवृत्तीने तो उलटवला. आता आधी जागा: एस४ म्हणजे खांदा आणि दंड, एस५ कोपर आणि त्याखालचा हात, एस६ मनगट आणि पंजा. पुढचा अंक इजेचा: २ फ्रॅक्चर, ३ सांधा निखळणं, ४ नस (म्हणजे नर्व्ह, रक्तवाहिनी नव्हे). म्हणून एस४२, एस५२, एस६२ ही तिन्ही फ्रॅक्चरंच. हा क्रम एकदा डोक्यात बसला की अर्धी यादी पाठ झाल्यासारखी वाटते.

फसगत होते ती कॉलिसच्या बाबतीत. रुग्ण म्हणतो मनगट मोडलं, म्हणून नवखा कोडर, म्हणजे कोड लावणारा, एस६२ मध्ये शोधतो. पण मोडलेलं असतं रेडियस या, कोपर ते मनगट यांमधल्या हाडाचं खालचं टोक, म्हणून जागा एस५२.५.

अमेरिकेत १९८३ पासून मेडिकेअरचे, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे, पैसे निदानाच्या गटावरून ठरू लागले आणि कोडला वजन आलं. तिथली दहाव्या आवृत्तीची सुधारित प्रत, पुढे ढकलत ढकलत, १ ऑक्टोबर २०१५ रोजी लागू झाली. सुमारे १४ हजार निदान-कोडांचे ६८ हजारांवर गेले. या वाढीची थट्टा खूप झाली, पण हातापुरतं बोलायचं तर ती गरजेची होती. जुन्या प्रतीत उजवा हात की डावा, हे सांगायची सोयच नव्हती! आता उजव्या हाताचं कॉलिस एस५२.५३१ आणि डाव्याचं एस५२.५३२. त्यापुढे लागणारं शेवटचं अक्षर सांगतं की प्रत्यक्ष उपचार चालू आहेत की हाड भरून येत असतानाची पुढची तपासणी आहे. फ्रॅक्चर उघडं की बंद हे लिहिलेलं नसेल तर बंद धरायचं, हाड सरकलंय की नाही हे लिहिलेलं नसेल तर सरकलेलं धरायचं, असे नियमही ठरलेले आहेत.

भारतात पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत इलेक्ट्रॉनिक आरोग्य-नोंदींच्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र आहे, आणि अमेरिकी रुग्णांच्या फाइलींना कोड लावणारी असंख्य मुलं-मुली आपल्या शहरांमध्ये काम करतात. त्यांच्यासमोर रुग्ण नसतो, फक्त डॉक्टरांनी लिहिलेलं असतं. दंडाच्या हाडाला वळसा घालून रेडियल नस जाते. हाड मोडताना तिला धक्का बसला तर मनगट लोंबकळतं. हे प्लास्टरच्या आधी तपासून लिहिलं असेल तर एस४४.२ हा दुसरा कोड लागतो, आणि नस आधीच दुखावली होती की उपचारात, या वादालाही उत्तर असतं. लिहिलंच नसेल, तर कोडरला अंदाज बांधायची मुभा नाही. तो फाइल थांबवतो आणि डॉक्टरांना विचारतो: हात कोणता, हाड कोणतं, जखम होती का, बोटं आणि मनगट वर उचलता येत होती का?