धरणाच्या खाली की वर? नाईल क्रूझ आणि नासर सरोवराची क्रूझ

इजिप्तच्या सहलीचं पत्रक हातात घेतलं की ‘तीन रात्री क्रूझवर, अबू सिंबलसह’ अशी एक ओळ हमखास दिसते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच चित्र उभं राहतं: जहाज संथपणे नदीतून चाललं आहे आणि एका सकाळी समोर अबू सिंबलच्या देवळाचे, रामसेस दुसरा या फारोचे (प्राचीन इजिप्तच्या राजाचे) चार भव्य पुतळे. प्रत्यक्षात लक्सर आणि आस्वान यांच्यामध्ये चालणारं कोणतंही जहाज अबू सिंबलला जात नाही, जाऊच शकत नाही. पत्रकातल्या ‘अबू सिंबलसह’चा अर्थ असा, की जहाज आस्वानच्या धक्क्याला उभं असताना पहाटे चारच्या सुमारास बसमध्ये बसायचं, वाळवंटातून सुमारे २८० किलोमीटर जायचं, दीड-दोन तासांत देवळं बघायची आणि दुपारी परतायचं. पाण्यावरून अबू सिंबल गाठायचं असेल तर जहाज वेगळं, धक्का वेगळा आणि बुकिंगही वेगळं. ती नासर सरोवराची क्रूझ.

गफलत होणं स्वाभाविक आहे. दोन्हीकडे तीन-चार रात्री जहाजावर मुक्काम, दोन्हीकडे सोबत गाइड, दोन्हीकडे रोज एखाददुसरं देऊळ, आणि पाणीही नाईलचंच. पण मधे आस्वानचं मोठं धरण आडवं आलं आहे, आणि नासर सरोवर म्हणजे त्याच धरणामागे साठलेलं पाणी. १९६० ते १९७० या काळात सोव्हिएत मदतीने बांधलेलं हे धरण १११ मीटर उंच आणि जवळपास पावणेचार किलोमीटर लांब आहे. जहाज खालून वर चढवून न्यायला त्यात लॉकची, म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करणाऱ्या दरवाजांच्या कप्प्याची, सोयच नाही. त्यामुळे खालची जहाजं खाली, वरची वर. वरची संख्येने अगदी मोजकी, तर खाली लक्सरला संध्याकाळी धक्क्यावर एकाला एक लागून पाच-सहा जहाजं उभी असतात आणि आपल्या जहाजावर पोचायला इतरांच्या स्वागतकक्षांतून चालत जावं लागतं.

खालच्या, म्हणजे नदीच्या क्रूझबद्दल फार सांगायला नको, कारण बहुतेकांनी ऐकलेली आणि पाहिलेली तीच. दोन्ही काठांवर खजूर, ऊस, हिरवीगार शेतं, पाण्यात उतरलेल्या म्हशी, आणि त्या हिरव्या पट्ट्यामागे लगेच उघडा डोंगर. एस्नाला जहाज लॉकमध्ये थांबलं की छोट्या होड्यांतून विक्रेते येतात आणि चादरी-गालिचे थेट वरच्या डेकवर फेकून भाव करतात. एदफूचं होरसचं देऊळ इसवी सनापूर्वी २३७ मध्ये सुरू झालं आणि ५७ मध्ये पूर्ण झालं. ते इतकं शाबूत आहे की छताखालून एकेक दालन ओलांडत, कमी कमी होत जाणाऱ्या उजेडात थेट गाभाऱ्यापर्यंत जाता येतं. कोम ओम्बोला एकाच देवळात दोन देवांचे दोन गाभारे आहेत, मगरमुखी सोबेक आणि होरस यांचे. एस्नाचं देऊळ आजच्या रस्त्याच्या पातळीपेक्षा सुमारे नऊ मीटर खाली आहे. तिथल्या छतावरची शतकांची काजळी गेल्या काही वर्षांत साफ केल्यावर खालचे निळे, पिवळे, लाल रंग पुन्हा दिसू लागले आहेत. जहाज तिथे थांबत असेल तर पायऱ्या उतरून जाच.

एक गोष्ट मात्र बरेच गाइड घाईत सांगायची राहून जातात. एदफू, कोम ओम्बो, एस्ना, आणि आस्वानजवळचं फिले ही देवळं आज दिसतात ती बहुतांशी टॉलेमी राजांच्या आणि रोमन काळातली आहेत. म्हणजे अलेक्झांडरनंतरची. अबू सिंबल त्यांच्याआधी जवळपास हजार वर्षांचं, आणि सरोवराकाठचं अमादाचं देऊळ त्याहून जुनं. लक्सर आणि कर्नाकची देवळं वगळली, तर नदीच्या क्रूझवर आपण फारोंच्या परंपरेचा शेवटचा अंक पाहत असतो. रामसेस दुसऱ्याने भर ताकदीच्या काळात दक्षिणेच्या सीमेवर, सोन्याच्या वाटेवर काय उभारलं होतं, ते पाहायला धरणाच्या वरच जावं लागतं.

वर गेलं की सगळंच बदलतं. सरोवर सुमारे ५०० किलोमीटर लांब, त्याचं दक्षिणेचं टोक सुदानमध्ये. काठावर शेत नाही, गाव नाही, झाड नाही. पिवळं वाळवंट सरळ पाण्यात उतरतं. या पाण्याखाली नूबिया, म्हणजे आस्वानच्या दक्षिणेचा जुना प्रदेश, आहे. इजिप्तच्या हद्दीतल्या सुमारे पन्नास हजार नूबियन लोकांना १९६३-६४ मध्ये घरदार सोडून जावं लागलं आणि त्यांना कोम ओम्बोच्या आसपास वसवलं गेलं. खालच्या क्रूझवर ज्या कोम ओम्बोला आपण संध्याकाळी तासभर उतरतो, त्याच परिसरात वरच्या क्रूझवरून दिसणाऱ्या निर्मनुष्य काठांवरची माणसं राहतात. दोन्ही सहली करणाऱ्याला हे ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. आस्वानमधलं नूबिया संग्रहालय त्यासाठी आवर्जून पाहा. सरोवरावर निघण्याच्या आदल्या दिवशी पाहिलं तर उत्तमच.

माणसं हलवली तशी देवळंही हलवली. मार्च १९६० मध्ये युनेस्कोने जगाला हाक दिली आणि पुढची वीस वर्षं ते काम चाललं. भारताचंही एक पथक तिथे होतं: १९६१-६२ मध्ये बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरातत्त्व विभागाने आफिया इथे उत्खनन केलं. मदत करणाऱ्या देशांना इजिप्तने काही छोटी देवळं भेट दिली. देबोदचं माद्रिदला गेलं, देंदूरचं न्यूयॉर्कला, ताफाचं लायडनला. उरलेली सरोवराच्या काठी गटागटाने पुन्हा उभारली. गोव्यात साळावली धरणात मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी गाव गेलं, तेव्हा तिथलं महादेवाचं जुनं देऊळ दगड न दगड सुटा करून दुसरीकडे उभं केलं गेलं. ज्यांनी ते पाहिलं आहे त्यांना नासर सरोवराकाठी काय झालं हे वेगळं समजावून सांगायला नको.

‘हलवलेली देवळं काय बघायची?’ असा प्रश्न कधी कधी येतो. माझं उत्तर स्पष्ट आहे: बघायचीच, आणि ती कशी हलवली तेही बघायचं, कारण प्रत्येक देवळाची रीत निराळी आहे. कलाब्शाचं देऊळ पश्चिम जर्मनीच्या मदतीने सुमारे तेरा हजार दगडांत सुटं करून धरणाजवळ आणलं. अबू सिंबल १९६४ ते १९६८ या काळात हजाराहून अधिक तुकड्यांत कापलं आणि सुमारे ६५ मीटर उंच, २०० मीटर मागे नेऊन पुन्हा जुळवलं. अमादाचं मात्र कापणं शक्य नव्हतं, कारण आतल्या भिंतींवर रंगीत शिल्पं होती आणि करवत फिरली असती तर रंग गेले असते. फ्रेंच अभियंत्यांनी तो भाग अख्खाच्या अख्खा उचलून रुळांवर ठेवला आणि अडीच किलोमीटरहून जास्त अंतर रेटत वर नेला.

अमादा बाहेरून पाहिलं तर साधा दगडी पेटारा वाटतो. बरेच जण फोटो काढून पुढच्या देवळाकडे वळतात. तसं करू नका. आत जा, डोळे अंधाराला सरावू द्या. थुतमोस तिसरा आणि त्याचा मुलगा अमेनहोतेप दुसरा देवांसमोर उभे आहेत, त्यांच्या अंगाचा लाल-तपकिरी आणि दागिन्यांचा पिवळा रंग साडेतीन हजार वर्षांनंतरही ओळखू येतो. पुढे ख्रिस्ती लोकांनी या देवळाचं चर्च केलं तेव्हा भिंतींना गिलावा केला, त्या गिलाव्यानेच रंग राखले. जिथे जिथे आमून देवाचं नाव आहे तिथे दगड थोडा खोल गेलेला दिसतो. फक्त सूर्यदेव आतेनला मानणाऱ्या आखेनातेन या फारोच्या माणसांनी ते नाव छिन्नीने खोडलं होतं, नंतर सेती पहिल्याच्या काळात पुन्हा कोरलं गेलं. गाभाऱ्याच्या मागच्या भिंतीवर अमेनहोतेपचा लेख आहे. सीरियातल्या सात सरदारांना मारून सहा जणांना थीब्जच्या (आजच्या लक्सरच्या) तटावर आणि सातव्याला दूर दक्षिणेत नापाताच्या तटावर टांगलं, असं त्यात राजा सांगतो. सीमेवर देऊळ कशासाठी बांधत, हे त्या एका लेखातून कळतं.

वादी अस-सेबुआ या सरोवराकाठच्या रामसेसच्या देवळातही असंच एक दृश्य आहे. स्फिंक्सच्या रांगेतून आत शिरून गाभाऱ्यापर्यंत गेलं की मधल्या कोनाड्यात संत पीटर दिसतो. ख्रिस्ती लोकांनी कोनाड्यातल्या जुन्या मूर्तींवर गिलावा करून त्यावर त्याला रंगवलं. दोन्ही बाजूंचा रामसेस मात्र जागेवरच राहिला. त्यामुळे आज फारो हातातली फुलं पीटरला वाहताना दिसतो. गाइड चांगला असेल तर तो इथे गप्प राहतो आणि तुम्हाला ते स्वतःच शोधू देतो.

सरोवरावर गाइडचं महत्त्व नदीपेक्षा जास्त आहे. एदफूत गर्दीबरोबर पुढे सरकत राहिलं तरी देऊळ कळतं, इतकं ते पूर्ण आहे. मोटरबोटीने वाळूवर उतरून, दहा-पंधरा मिनिटं चालत गेल्यावर समोर येणारं दक्काचं किंवा महर्रकाचं देऊळ सांगणाऱ्याशिवाय मुकं राहतं. पुष्कळदा गाइड जहाजाचाच असतो आणि सगळ्या प्रवाशांचा मिळून एक, म्हणून बुकिंगच्या वेळी तो कोणत्या भाषेत बोलणार हे विचारून घ्यावं.

कस्र इब्रीमला उतरता येत नाही, जहाज फक्त जवळून जातं. या भागातली हीच एक जागा आपल्या मूळ ठिकाणी उरली आहे. एके काळी ती नदीपासून सुमारे ७० मीटर उंच कड्यावरची गढी होती, आता पाणी तिच्या पायथ्याशी नव्हे, जवळजवळ गळ्याशी आलं आहे. फारो, रोमन, नूबियन ख्रिस्ती, आणि शेवटी तुर्की साम्राज्याचे बोस्नियन शिपाई असे सगळे तिथे राहून गेले. कोरड्या हवेमुळे त्यांची पत्रं, हिशेब, करार टिकले आणि उत्खननात सापडले, ग्रीक, लॅटिन, कॉप्टिक, जुनी नूबियन, अरबी, तुर्की अशा अनेक भाषांतले. जहाज जेमतेम थोडा वेळ रेंगाळतं. त्या वेळी जेवणाच्या टेबलावर नसाल याची काळजी घ्या.

मग अबू सिंबल. सकाळच्या बस आल्या की त्या दोन-तीन तासांत आवारात पाय ठेवायला जागा नसते. बसने येणारा माणूस मागच्या बाजूने, डोंगराला वळसा घालून येतो आणि पुतळे कडेने दिसायला लागतात. सरोवरावरून आलं की ते लांबूनच, समोरासमोर दिसतात, आणि दक्षिणेकडून येणाऱ्यांना पाण्यावरून ते दिसावेत म्हणूनच तर कोरले होते. जहाज देवळाजवळच नांगरतं, त्यामुळे बस निघून गेल्यावर किंवा येण्याआधी आत जाता येतं. चार पुतळ्यांपैकी एकाचा वरचा भाग प्राचीन काळीच भूकंपात कोसळला. देऊळ हलवताना ते तुकडेही जसे पडले होते तसेच पायांशी ठेवले आहेत. डावीकडच्या एका पुतळ्याच्या पायावर ग्रीक अक्षरं खरवडलेली आहेत. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात फारो साम्तिक दुसऱ्याच्या सैन्याबरोबर आलेल्या भाडोत्री शिपायांनी ती लिहिली.

२२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला उगवत्या सूर्याचे किरण गाभाऱ्यापर्यंत पोचतात. त्या तारखा हव्या असतील तर जागा फार आधी धरायला हवी. शांतपणे देऊळ पाहायचं असेल तर नेमक्या त्याच तारखा टाळाव्यात.

आता निवड. पहिल्यांदाच इजिप्तला जात असाल आणि हाताशी आठवडाभरच असेल, तर नदीची क्रूझ घ्या. कर्नाक, राजांची दरी (फारोंच्या थडग्यांची) आणि एदफू सोडून सरोवरावर जाणं बरोबर नाही. अशा सहलीत पहाटेच्या बसऐवजी अबू सिंबल गावात एक रात्र राहता आलं तर राहा. दुपारनंतर आवार रिकामं असतं, आणि दुसऱ्या दिवशी उघडताक्षणी आत जाता येतं. घरात लहान मुलं असतील, रोज बाजारात फेरफटका हवा असेल, तरीही नदीच बरी. सरोवरावर उतरून काही विकत घ्यायला दुकान नसतं, मोबाइलची रेंज मधूनच जाते, आणि शाकाहारी माणसाला जहाजावर जे असेल त्यावरच भागवावं लागतं. तेव्हा जेवणाचं आधी कळवावं आणि औषधं, खाऊ आस्वानलाच भरून घ्यावं.

दहा-बारा दिवस असतील, किंवा दुसऱ्यांदा जात असाल, तर दोन्ही करा, आणि सरोवर आधी करा. आस्वानहून धरणाच्या वरच्या धक्क्यावर चढा, अबू सिंबलला उतरा, रस्त्याने आस्वानला परत या आणि तिथून प्रवाहाबरोबर लक्सरला जा. अबू सिंबलहून उलट येणाऱ्या फेऱ्याही असतात आणि त्या एखादी रात्र कमी घेतात. पण त्यांत अबू सिंबल पहिल्याच दिवशी संपतं आणि अमादासारखी शांत, लहान देवळं त्यानंतर येतात, तेव्हा ती पाहायला मन लागत नाही. ऋतू नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डेकवर पहाटे चांगलंच गार वारं असतं, म्हणून स्वेटर हाताशी ठेवा.