‘किर्लोस्कर खबर’ ते व्हॉट्सॲप : सीमाभागातील उद्योजकाच्या जाहीर शब्दाची पार्श्वभूमी

मालकाने ग्राहकांशी आणि कामगारांशी स्वतःच्या शब्दांत, चारचौघांसमोर बोलावे, ही अपेक्षा मोबाइलबरोबर आली असे आज सर्रास समजले जाते. बेळगावात मात्र तिचे मूळ शंभर वर्षांहून जुने आहे. समाजमाध्यमांवरील नेतृत्वाची चर्चा करताना ते मूळ विसरले, तर चर्चा फक्त पोस्ट किती टाकाव्यात आणि कधी टाकाव्यात एवढ्यावरच येऊन थांबते.

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान सुरू केले आणि पुढे ते शेतीच्या अवजारांकडे वळले. त्यांचा लोखंडी नांगर उत्तम होता, तरी तो कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले मोजके नांगर खपायलाच दोन वर्षे गेली. वस्तू चांगली असून भागत नाही, ती करणाऱ्यावर विश्वास बसावा लागतो, हा धडा या घराण्याला बेळगावातच मिळाला. पुढे इथली जागा सोडावी लागल्यावर १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेथून १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोहोचवणे हा त्याचा मूळ हेतू होता. पण हळूहळू त्यात समाजसुधारणेचे, शिक्षणाचे, स्त्रियांच्या प्रश्नांचे लेखन येऊ लागले आणि १९२९ साली ते ‘किर्लोस्कर’ या नावाचे मासिक झाले. नांगर विकणारा कारखाना वाचकांच्या आयुष्याविषयी गांभीर्याने बोलू लागला, ही माझ्या मते मराठी उद्योगजगतातील फार मोठी घटना आहे. आज ज्याला आपण उद्योजकाचे वैचारिक नेतृत्व म्हणतो, ते याहून फारसे वेगळे नाही.

ही परंपरा सीमाभागात मात्र सलग चालली नाही. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील फाउंड्र्यांची, म्हणजे ओतकाम कारखान्यांची, कास्टिंग (ओतीव भाग) बाहेरगावच्या कंपन्यांच्या पंपांत, यंत्रांत आणि वाहनांत जाऊन बसत. मालकाचे गिऱ्हाईक मोजके असे आणि त्याचा शब्द भट्टीशेजारी उभा राहून दिलेल्या सूचनेपुरता किंवा खरेदी अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रापुरता राहत असे. बेळगावातल्याच शहापूर, वडगाव आणि खासबागच्या विणकरांची साडी व्यापाऱ्याच्या नावाने बाजारात जाई. निपाणीच्या तंबाखू पेठेत तर बोलण्याचा अधिकार भाव ठरवणाऱ्याकडेच होता. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक पुणे-बेंगळुरू महामार्गावर येऊन बसले, गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे प्राण गेले, तेव्हा कुठे त्यांचे म्हणणे साऱ्या देशाला ऐकू आले. खालून वर उत्तर जाण्याची वाटच नसली की काय होते, ते या भागाने डोळ्यांनी पाहिले आहे.

ती वाट तंत्रज्ञानाने उघडली, आणि तिचे पहिले मोठे धडे परदेशात मिळाले. फेब्रुवारी २००७ मध्ये न्यूयॉर्कला हिमवादळात जेटब्लू या विमान कंपनीचे प्रवासी कित्येक तास विमानांतच अडकून पडले, तेव्हा कंपनीचे प्रमुख डेव्हिड नीलमन यांनी यूट्यूबवर स्वतः येऊन क्षमा मागितली आणि नुकसानभरपाईचे नियम जाहीर केले. जुलै २०१२ मध्ये नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी कंपनीचा एक आकडा फेसबुकवर सांगितला. त्यावरून चौकशी होऊन, कोणते माध्यम वापरणार हे गुंतवणूकदारांना आधी कळवले असेल तर अशी माध्यमे वापरता येतील, असे अमेरिकी बाजार नियामकाने २०१३ साली स्पष्ट केले. २०१८ साली एलॉन मस्क यांना टेस्लाविषयीच्या एका ट्वीटपायी दोन कोटी डॉलर दंड भरावा लागला आणि अध्यक्षपदही सोडावे लागले. समाजमाध्यमावरचे वाक्य हे सही केलेल्या कागदाइतकेच बांधून ठेवते, हे यातून पक्के झाले.

आपल्याकडे बदल झपाट्याने झाला तो सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर, स्वस्त इंटरनेटमुळे. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस आले आणि दुकानदाराला आपल्या दुकानाची माहिती, आणि पुढे मालाचे फोटो व भावही, एका जागी ठेवता येऊ लागले. तरीही सुरुवातीची दोन वर्षे बहुतेकांनी त्याचा उपयोग सणाच्या शुभेच्छा आणि सवलतींची चित्रे पाठवण्यापुरताच केला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, माग थांबले, आणि मग कोण खरोखर बोलतो हे कळू लागले.

वडगावातील माझ्या ओळखीच्या एका मागमालकांनी त्या एप्रिलमध्ये विणकरांच्या ग्रुपवर दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकला होता. माल पडून आहे, व्यापाऱ्यांकडून पैसे आलेले नाहीत, या आठवड्यात प्रत्येकाला निम्मीच मजुरी देता येईल आणि उरलेली कधी देईन याची तारीख आज सांगता येत नाही, असे त्यांनी आधी मराठीत आणि मग तेच सारे कन्नडमध्ये सांगितले. ग्रुपवर एकाने विचारले, “मालक, सुताची उधारी फेडली म्हणे, मग आमची का राहिली?” त्यांनी प्रश्न पुसला नाही. सूतवाल्याला किती दिले, का दिले आणि हातात किती उरले, हे त्यांनी तिथेच, सर्वांना दिसेल असे लिहिले.

हे दोन भाषांत बोलणे इथे फार महत्त्वाचे आहे. एकाच कारखान्यात मराठी आणि कन्नड बोलणारे कामगार शेजारी शेजारी राबतात, गिऱ्हाईक गोव्यापासून हुबळीपर्यंतचे असते, आणि भाषेचा प्रश्न या जिल्ह्याने १९५६ पासून सोसला आहे. महत्त्वाची सूचना एकाच भाषेत टाकून दुसऱ्यांना ती शेजाऱ्याकडून समजून घ्यायला लावणे म्हणजे निम्म्या माणसांना उंबऱ्याबाहेर ठेवणे होय. त्या मागमालकांच्या ग्रुपवर आजही मजुरीचा हिशेब दर शनिवारी दोन्ही भाषांत येतो, आणि त्याखाली प्रश्न विचारायला मुभा असते.