नावाआधी न लावायचा सन्मान : भारतरत्नाची पार्श्वभूमी

चौकातले फलक, निमंत्रणपत्रिका, वर्तमानपत्रांचे मथळे, सगळीकडे 'भारतरत्न' हा शब्द आपण नावाला जोडूनच वाचत आलो आहोत. नियम नेमका याच्या उलट आहे. हा सन्मान मिळालेल्या व्यक्तीने तो नावाच्या आधी किंवा नंतर लावायचा नाही. व्हिजिटिंग कार्डावर किंवा लेटरहेडवर 'राष्ट्रपतींकडून भारतरत्न सन्मान प्राप्त' असा उल्लेख करता येतो, त्यापलीकडे काही नाही. हे बंधन वरवरचं वाटतं, पण भारतरत्नाच्या सत्तर वर्षांतले बहुतेक वाद याच्याशी येऊन भिडतात.

सुरुवात इंग्रजी अमलापासून करावी लागते. १८५७ नंतर राणीच्या सरकारने संस्थानिक आणि बडे अधिकारी यांना बांधून ठेवण्यासाठी १८६१ मध्ये 'स्टार ऑफ इंडिया' आणि १८७८ मध्ये 'इंडियन एम्पायर' हे मानाचे वर्ग काढले. त्यांच्या खाली रावबहादूर, रायबहादूर, खानबहादूर अशा किताबांची उतरंड होती. किताब नावाला चिकटायचा, पुढे पिढ्यान्‌पिढ्या घराण्याची ओळख व्हायचा. सरकारदरबारी कोण किती जवळचा, हे त्यावरून गावाला कळायचं. म्हणूनच असहकाराच्या चळवळीत किताब परत करणं हा कार्यक्रमाचाच भाग ठरला. रवींद्रनाथ ठाकूरांनी जालियनवाला बागेनंतर १९१९ मध्येच 'सर' ही पदवी सोडली होती. गांधीजींनी १९२० मध्ये कैसर-ए-हिंद पदक परत केलं आणि असहकाराच्या काळातच वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी आपली रायबहादुरकी.

हा सगळा अनुभव घेऊनच आपले नेते संविधान सभेत बसले होते. १९४८ च्या अखेरीस किताबांच्या कलमावर चर्चा झाली. लष्करी आणि विद्याविषयक मानचिन्हं वगळता राज्याने कोणताही किताब द्यायचा नाही, असं ठरलं. आजच्या संविधानात ते अठरावं कलम आहे. किताब न स्वीकारणं हा हक्क नसून नागरिकत्वासोबत येणारं कर्तव्य आहे, अशी भूमिका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या चर्चेत मांडली. समतेच्या हक्कांच्या गटातच हे कलम बसवलं आहे, आणि ते तिथेच शोभतं. ज्या समाजात जन्मानेच माणसाच्या नावाला मान किंवा अपमान चिकटत आला, तिथे सरकारने आणखी एक उतरंड उभी करणं घातक ठरलं असतं.

मग प्रजासत्ताकाने कर्तृत्वाचा गौरव करायचाच नाही का? यावरचं उत्तर २ जानेवारी १९५४ ला आलं. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सचिवालयाने त्या दिवशी भारतरत्न आणि तीन वर्गांचं पद्मविभूषण जाहीर केलं. तेव्हाचे 'पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग' वर्षभरातच गेले आणि पद्मविभूषण, पद्मभूषण, पद्मश्री ही आजची नावं आली. भारतरत्नासोबत ना पैसे, ना जमीन, ना किताब. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि एक पदक, एवढंच. शासकीय मानक्रमात मात्र वरचं स्थान मिळतं.

पहिले तीन मानकरी होते चक्रवर्ती राजगोपालाचारी, सर्वपल्ली राधाकृष्णन आणि चंद्रशेखर वेंकट रामन. यातले राधाकृष्णन आणि रामन हे दोघेही इंग्रजांच्या काळात 'सर' झालेले. पुढच्या वर्षीचे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्याही तसेच. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी केलेले आणि खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारे हे अभियंते. साम्राज्याने त्यांच्या नावाआधी काहीतरी लावलं, प्रजासत्ताकाने गळ्यात पदक घातलं आणि नाव होतं तसंच ठेवलं. दोन राज्यव्यवस्थांमधला फरक याहून स्पष्ट दाखवता येणार नाही.

आता त्या पदकाकडे वळू. १९५४ च्या मूळ आराखड्यात ते सोन्याचं आणि गोल होतं, ३५ मिलिमीटर व्यासाचं, मध्यभागी सूर्य. गोल सोन्याचं पदक जगात कुणीही देतं. वर्षभरातच आराखडा बदलला आणि पिंपळाच्या पानाचा आकार ठरला. लांबी ५.८ सेंटिमीटर, रुंदी ४.७ सेंटिमीटर, जाडी ३.१ मिलिमीटर. धातू कांस्य. दर्शनी बाजूला १.६ सेंटिमीटर व्यासाचा सूर्य आणि त्याखाली देवनागरीत 'भारतरत्न', मागच्या बाजूला राजमुद्रा आणि 'सत्यमेव जयते'. सूर्य, राजमुद्रा आणि पानाची कड प्लॅटिनमची, अक्षरं झळाळी दिलेल्या कांस्याची. गळ्यात घालण्यासाठी पांढरी फीत. कोलकात्याच्या अलीपूर टाकसाळीत हे पदक घडतं. हा बदल फार मोलाचा होता असं मला वाटतं. सोनं गेलं आणि कांस्य आलं, त्यामुळे पदकाची किंमत धातूवर राहिली नाही. आणि पिंपळ ओळखायला या देशात कुणाला पुस्तक उघडावं लागत नाही.

मराठी माणसाला पहिलं भारतरत्न १९५८ मध्ये मिळालं, धोंडो केशव कर्वे यांना, आणि तेही वयाची शंभर वर्षं पूर्ण झाल्याच्या साली. विधवेशी लग्न केलं म्हणून ज्यांना समाजाने वाळीत टाकलं, त्यांच्याच गळ्यात देशाचं सर्वोच्च पदक पडलं. १९६३ मध्ये धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे यांचा गौरव झाला. गंमत अशी की काण्यांच्या नावाआधी मराठीत आजही 'महामहोपाध्याय' लागतं, आणि तो मान इंग्रज सरकारने दिलेला.

वादही लवकर सुरू झाले. १९५५ मध्ये नेहरू पंतप्रधान असतानाच त्यांना भारतरत्न मिळालं. आपण कुणाच्याही शिफारशीविना हा निर्णय घेतला, असं राजेंद्रप्रसादांनी स्वतः सांगितलं होतं. १९७१ मध्ये इंदिरा गांधींनाही पदावर असतानाच मिळालं. असे सन्मान म्हणजे मागच्या दाराने आलेले किताबच, असं आचार्य कृपलानींचं मत होतं. ते बंद करण्यासाठी त्यांनी १९६९ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक आणलं, पण ते संमत झालं नाही. जुलै १९७७ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने मात्र हे सन्मान थांबवलेच. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी परतल्यावर ते पुन्हा सुरू झाले आणि त्या वर्षी मदर तेरेसांना भारतरत्न मिळालं. मोरारजींनी स्वतः तो सन्मान १९९१ मध्ये घेतला.

त्यानंतर प्रश्न न्यायालयात गेला. केरळ आणि मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयांत याचिका झाल्या आणि १९९२ पासून काही वर्षं सन्मान थांबले. १५ डिसेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला : भारतरत्न आणि पद्म सन्मान हे किताब नाहीत, म्हणून ते घटनाबाह्य नाहीत, मात्र नावाला जोडून वापरता येणार नाहीत. निवड काटेकोर व्हावी, असंही न्यायालयाने बजावलं. म्हणजे भारतरत्न घटनेत बसतं ते या एका बंधनाच्या आधारावर. ज्या बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील समितीने संविधानाचा मसुदा केला, त्यांना १९९० मध्ये मरणोत्तर भारतरत्न मिळालं. आज याच नावाआधी तो शब्द सर्वांत जास्त लिहिला जातो. लिहिणाऱ्यांच्या मनातला आदर खरा आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही बाबासाहेबांच्या नावाला कोणत्याही जोडशब्दाची गरज नाही, असंच मी म्हणेन.

मरणोत्तर सन्मानाची तरतूद १९५५ ची. तिचा पहिला उपयोग १९६६ मध्ये लालबहादूर शास्त्रींसाठी झाला. याच तरतुदीवरून सर्वांत कडू प्रसंग ओढवला. जानेवारी १९९२ मध्ये सुभाषचंद्र बोस यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झालं. नेताजींचा मृत्यू ज्यांना मान्यच नव्हता, त्यांनी त्या एका शब्दाला हरकत घेतली, कुटुंबीयांनीही नकार दिला आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घोषणा रद्द मानली.

निकषही बदलले. आधी कला, साहित्य, विज्ञान आणि सार्वजनिक सेवा एवढीच क्षेत्रं होती. डिसेंबर २०११ मध्ये 'मानवी कर्तृत्वाचं कोणतंही क्षेत्र' असा बदल झाला आणि दोन वर्षांनी सचिन तेंडुलकरचं नाव आलं, वय चाळीस. वर्षाला जास्तीत जास्त तीन सन्मान हा दंडक मात्र पाळला जातोच असं नाही : १९९९ मध्ये चार दिले गेले, २०२४ मध्ये पाच.

निवडीची पद्धत इतकी वर्षं तीच आहे. पंतप्रधान राष्ट्रपतींकडे शिफारस करतात, त्यासाठी कुणी रीतसर अर्ज वा प्रस्ताव द्यावा लागत नाही. पद्म सन्मानांसाठी समिती असते, भारतरत्नासाठी नाही. १९९५ च्या निकालानंतर तरी निदान निवडीमागची कारणं सविस्तर प्रसिद्ध व्हायला हवी होती. महाराष्ट्र विधानसभेने मार्च २०२५ मध्ये महात्मा फुले आणि सावित्रीबाईंना भारतरत्न द्यावं, असा ठराव एकमताने केला. पण असा ठराव ही केंद्राला केलेली विनंतीच असते, निर्णय पंतप्रधानांच्या शिफारशीवरच होतो.