टायरची झीज आणि कोहो मासे

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सिॲटल परिसरात कोहो सॅमन हे मासे शरद ऋतूत अंडी घालण्यासाठी समुद्रातून गोड्या पाण्याच्या ओढ्यांमध्ये परततात आणि मोठा पाऊस झाला की शहरातल्या ओढ्यांमध्ये ते काही तासांत मरतात. मरण्याआधी ते पृष्ठभागाशी येऊन भोवंडल्यासारखे गोल फिरतात, तोंडाची उघडझाप करतात आणि कलंडतात. मेलेल्या माद्यांच्या पोटात अंडी तशीच असतात. पाण्याचे तापमान, प्राणवायू, रोग, कीटकनाशके ही कारणे एकेक करून बाद झाली आणि संशय रस्त्यांवरून वाहून येणाऱ्या पाण्यावर, त्यातही टायरच्या झिजेवर स्थिरावला.

टायरचा चुरा भिजवलेल्या पाण्यात दोन हजारांहून अधिक रसायने सापडली. वॉशिंग्टन विद्यापीठातील झेन्यू तियान व सहकाऱ्यांनी हे मिश्रण पुन्हापुन्हा विभागले आणि प्रत्येक भाग कोहोच्या पिल्लांवर तपासला. शेवटी हाती आलेल्या गुलाबी-जांभळट पदार्थाच्या रेणूत कार्बनचे १८, हायड्रोजनचे २२, नायट्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे २ अणू होते, पण या सूत्राचे रसायन टायर उत्पादनाच्या कोणत्याच यादीत नव्हते. ते असणारही नव्हते, कारण कारखान्यात ते कोणी घालतच नाही. हवेतल्या ओझोनमुळे रबराला भेगा पडू नयेत म्हणून टायरमध्ये ‘६ पीपीडी’ मिसळतात. ओझोनशी त्याचा संयोग होऊन ‘६ पीपीडी-क्विनोन’ तयार होते, आणि मारक ठरते ते हेच. हे संशोधन डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

सुधारित मोजणीनुसार लिटरमागे सुमारे ९५ नॅनोग्रॅम, म्हणजे एक कोटी लिटर पाण्यात जेमतेम एक ग्रॅम, एवढ्यानेच निम्मे कोहो मरतात. त्याच पाण्यात चम सॅमन मात्र सुखरूप राहतो, त्यामुळे एका जातीवरून ठरवलेली सुरक्षित मर्यादा दुसरीला लागू पडेलच असे नाही. आपल्याकडील नद्यांच्या अहवालांत बीओडीसारखे (पाण्यातला सेंद्रिय कचरा कुजताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू) आकडे मिलिग्रॅममध्ये असतात; त्यांचा उपयोग आहेच, परंतु असले रसायन त्यांत दिसणे शक्य नाही.

६ पीपीडी काढून टाकणेही सोपे नाही, कारण भेगाळलेला टायर रस्त्यावर फुटू शकतो. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये नियम करून टायर उत्पादकांना पर्याय शोधायला लावले आहे. तोवर रस्त्याचे पाणी वाळू आणि कंपोस्ट खताच्या थरातून गाळून ओढ्यात सोडणे हा उपाय हाताशी आहे. प्रयोगांत असे गाळलेले पाणी कोहोंना मानवले.